चौथं माणूस

लिवारे बेटावर जायचं तर अटी चौदा, आणि निनादने त्या चौदाही छापून फ्रिजच्या दारावर लावल्या होत्या. निनाद म्हणजे माझा नवरा. सांगलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. यादी केल्याशिवाय त्याला कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणता येत नाही, तेव्हा परदेशप्रवास म्हटल्यावर त्याच्या अंगात काय संचारलं असेल ते तुम्हीच ओळखा.

पासपोर्ट परतीनंतर सहा महिने चालणारा हवा. परतीचं तिकीट आधी हवं. राहण्याची सोय लेखी हवी. बिया, सुकी फुलं, लाकडी वस्तू, कातडी चपला बंद. अंगाला लावायचं मलम त्यांचंच, तिथे पोचल्यावर मिळणार. चिवडा, लोणचं, मेतकूट बंद.

"मग जायचं कशाला?" आप्पा म्हणाले. आप्पा माझे सासरे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तरीचे, अजूनही कुणाचा पंखा कुरकुरला की पान्हा घेऊन हजर होणारे.

"बेट बघायला," मी म्हटलं.

बावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतेय. प्रवाळबेट कसं तयार होतं हे झोपेतही सांगेन. पण या जन्मात एकही बेट डोळ्यांनी पाहिलेलं नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुला काय हवं, असं निनादने विचारलं तेव्हा मी एक क्षणही न दवडता नकाशावर बोट ठेवलं होतं. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या जरा खाली, लिवारे. लेक बंगळुरूला नोकरीला, तिचं बिऱ्हाड वेगळं. घरात आम्ही तिघं, तेव्हा तिघांनी जायचं ठरलं. सासूबाईंना, वासंतीबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आप्पांना एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता.

अट अकरावी वाचून मात्र मी हसले. शेवटच्या तपासणीनंतर प्रवासाला निघेपर्यंत तीन दिवस दही, ताक, इडलीचं पीठ, आंबवलेलं काहीही खायचं नाही, त्याला हातही लावायचा नाही.

"म्हणजे निघताना हातावर दही नाही?"

निनाद फ्रिजवरच्या यादीकडे बघत राहिला. दहावीची परीक्षा असो, नोकरीची मुलाखत असो, नाहीतर साधं पुण्याला जाणं असो, सासूबाईंनी त्याच्या तळहातावर चमचाभर दही-साखर घातल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. त्यांच्या हातचं विरजण अजून घरात चालू होतं. एका स्टीलच्या वाटीत, आजच्या दह्यातून उद्याचं. रोज रात्रीच्या जेवणात त्याचा दहीभात असायचा आणि रोज तो म्हणायचा, "आईची चव आहे."

"नाही म्हणजे नाही," तो अखेर म्हणाला. "अट आहे."

खरी मोठी अट शेवटची होती. तिला कागदोपत्री जैवपत्र म्हणत आणि लोक जंतूंचा व्हिसा म्हणत. ती जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी समुद्र इतका तापला की लिवारेभोवतीची प्रवाळं पांढरी पडून मरायला लागली. तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय जंतूंचाच होता. प्रवाळाला उष्णता सोसायला मदत करणारे जीवाणू त्यांनी निवडले आणि त्यांचा एक पातळ थर प्रवाळांवर वाढवला. प्रवाळं पुन्हा रंगली. पण हा थर नाजूक. पर्यटक पाण्यात उतरला की त्याच्या अंगावरची जंतूंची फौजही उतरते, आणि तिच्यातले काही या थराला मारक ठरतात. म्हणून कोण काय घेऊन येतंय ते आधी बघायचं आणि त्याप्रमाणे प्रत्येकाला औषध द्यायचं.

आता गंमत अशी, की माणूस नुसता खुर्चीत बसला तरी तासाला लाखो जंतू आसपासच्या हवेत सोडत असतो. प्रत्येकाभोवती त्याचा स्वतःचा असा न दिसणारा ढग असतो. एका घरात राहणाऱ्यांचे ढग हळूहळू एकमेकांत मिसळतात. एकाच्या हातचं दुसरा खातो, एकाने पुसलेल्या ताटात तिसरा जेवतो. म्हणून लिवारेवाले माणूस तपासत नाहीत, स्वयंपाकघर तपासतात. एका चुलीवर जेवणारे सगळे एका अर्जात. त्यातलं एक जरी बाहेर राहिलं, तर ते बाकीच्यांना आपले जंतू पुन्हा पुन्हा देत राहणार आणि औषध वाया जाणार.

तपासणी केंद्र विश्रामबागेत होतं. नाझनीन मुलाणी नावाच्या हसऱ्या मुलीने आमच्या जिभेवरून, तळहातावरून, कोपराच्या आतून कापूस फिरवला, घरून आणलेले दुधाचे, पिठाचे, दह्याचे नमुने घेतले आणि एकेकाला दहा मिनिटं काचेच्या खोलीत बसवलं. आप्पा आत बसून काचेच्या दाराच्या बिजागऱ्या तपासत होते.

चार दिवसांनी तिने आम्हाला पुन्हा बोलावलं. या वेळी ती हसत नव्हती.

"काका, अर्जात तुम्ही माणसं किती लिहिलीत?"

"तीन," निनाद म्हणाला.

"मशीनला चार सापडलीत."

निनादने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चुकलं असेल."

"दोनदा लावलं. तिघांच्याही अंगावर चौथ्या माणसाची खूण आहे, तुमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि वर्षाहून जास्त काळ आहे. कोण ते मला सांगता येत नाही. मोठं माणूस आहे, एवढंच." तिने कागद पुढे सरकवला. "दोन मार्ग आहेत. त्या माणसाचं नाव अर्जात घाला आणि त्याचीही तपासणी करा. नाहीतर त्याच्याशी सगळा संबंध तोडा, एकवीस दिवसांनी आपण पुन्हा बघू. तेवढ्यात खूण पुसली जाते. त्यानंतर मात्र मुदत संपली."

परतताना गाडी आयर्विन पुलावर आली.

"तुमच्या कॉलेजातल्या त्या भागवत मॅडम," मी म्हटलं, "तुला साबुदाण्याचे वडे आणतात ना डब्यातून?"

"वर्षातून दोनदा! आणि ते मी कॉलेजात खातो, आपल्या स्वयंपाकघरात नाही. तुझी ती पोळीवाली असेल."

"पोळीवाली गेल्या दिवाळीत सोडून गेली. दहा महिने पोळ्या मी करतेय. तुला चवीवरून कळलं नाही?"

हे बोलायला नको होतं त्याने. घरी पोचेपर्यंत मी त्याला पुरेसं सुनावलं. त्याने मात्र रात्रीच्या आत संशयितांची यादी तयार केली. दूधवाला, इस्त्रीवाला, माझी भिशीतली मैत्रीण, वरच्या मजल्यावरचं कुटुंब. प्रत्येकापुढे संपर्काचे दिवस आणि शक्यता. या सगळ्यात आप्पा मागच्या सीटवर बसले होते तसेच नंतरही बसून राहिले. एवढंच म्हणाले, "मशीनला काय कळतंय."

दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये विरजणाची वाटी नव्हती. "आंबलं फार, टाकलं," आप्पा म्हणाले आणि दुकानातून दह्याचा डबा घेऊन आले. मी घाईत होते. माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

आठवड्याभराने शाळेतून येताना जिन्यात गिरिजाबाई भेटल्या. गिरिजाबाई कित्तूर तळमजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या बेळगावकडच्या, बहात्तरच्या, मुलगा मस्कतला. कपाळावर विभूतीची बारीक रेघ आणि बोलण्यात तिकडचा हेल.

"आप्पा बरे हाईत ना ओ?" त्यांनी विचारलं. "आठ दिवस झाले, फिरकले नाहीत बघा."

"फिरकले नाहीत म्हणजे?"

"रोज येतात की अकराला. शब्दकोडं घेऊन. भाकरी खातात न् जातात." मग आत जाऊन त्यांनी एक वाटी आणली. "ही पण हितंच राहिली. दोन दिवसांनी नव्या विरजणाला न्यायचे नेहमी. न्या तुम्ही."

वाटीच्या कडेवर जुन्या पद्धतीने नाव कोरलं होतं. सौ. वासंती दि. वाटवे. मी ती पदराआड घेऊन वर आले.

आप्पा बाल्कनीत टेबलफॅन उघडून बसले होते. मी वाटी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती पाहिली, पान्हा खाली ठेवला, आणि मग सगळं सांगितलं. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं लेकीकडे गेलो होतो. आप्पा दोन दिवस आधी परतले. सोसायटीतली वीज गेलेली, फ्रिज बंद, विरजणावर गुलाबी बुरशी.

"तिच्या हातचं तेवढंच राहिलं होतं गं," ते म्हणाले. "मला काही सुचेना. तशीच वाटी धुतली आणि खाली गेलो. गिरिजाबाईंनी चमचाभर दिलं. निनाद आला, जेवला आणि म्हणाला, 'बघा, आईची चव.' मी सांगायला तोंड उघडलं होतं. त्याचा चेहरा बघितला आणि मिटलं."

"आणि मग?"

"मग काय. ते आपल्याकडे टिकेना. दर दोन दिवसांनी आंबट व्हायचं, म्हणून पुन्हा जायचो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शब्दकोडं न्यायचो. त्यांना कन्नड येतं, मला मराठी, दोघं मिळून मराठी कोडं सोडवायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, बसा, भाकरी टाकते." त्यांनी पान्हा पुन्हा उचलला. "ऋजुता, तुझी पोळी चांगली असते. पण समोर बसून कुणी गरम वाढणं वेगळं."

"निनादला सांगूया."

"नको! त्याला वाटेल बापानं आईला फसवलं. आणि तुझं बेट जाईल. मी आता जात नाही त्यांच्याकडे. तेरा दिवस राहिलेत, निघून जाईल अंगातलं सगळं. मग परत तीनच."

"आणि आल्यावर?"

"आल्यावरही नाही. लपवून करायचं वय नाही राहिलं माझं."

मला लाज वाटते सांगायला, पण दोन दिवस मी गप्प राहिले. मला ते बेट हवं होतं. निळं पाणी, मध्ये पांढरी कड, फळ्यावर हजार वेळा काढलेली. पण शाळेला सुट्टी होती आणि त्या दोन दिवसांत मी घरीच आप्पांना बघत होते. अकरा वाजले की ते घड्याळाकडे बघायचे. वर्तमानपत्रातलं कोडं कोरं राहायचं. दाढी तीन दिवसांची वाढली. अंगातले जंतू उतरत होते आणि त्यांच्याबरोबर माणूसही उतरत चालला होता.

गेले काही दिवस निनाद 'दही जरा वेगळं लागतंय' म्हणत होता. रविवारी दुपारी त्याने दहीभाताचा घास घेतला आणि ताट सरकवलं.

"हे आईचं दही नाही."

मी आप्पांकडे पाहिलं. म्हटलं, "आप्पा, आता सांगा. नाहीतर मी सांगते. मला ते बेट असं नको."

आप्पांनी ती रिकामी वाटी आणून टेबलावर ठेवली आणि सांगितलं. बुरशीपासून भाकरीपर्यंत, एक शब्दही न गाळता. शेवटी म्हणाले, "चौथं माणूस त्या आहेत. मशीन चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो."

निनाद भाकरीबद्दल काहीच बोलला नाही. त्याला लागलं ते दुसरंच.

"दोन वर्षं मी आईचं म्हणून खात होतो," तो म्हणाला. "रोज म्हणत होतो. तुम्ही समोर बसून ऐकत होतात." तो उठला, हात न धुताच टेबलावरची वासंतीबाईंची वाटी उचलली आणि दार उघडून निघून गेला.

आप्पा ताटावर तसेच बसून राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वीस मिनिटं गेली, अर्धा तास गेला. मग जिन्यात दोन माणसांची पावलं वाजली.

निनादच्या हातात वाटी होती, दह्याने भरलेली. मागे गिरिजाबाई.

"मी विचारायला गेलो होतो, हे विरजण मुळात कुठलं," निनाद म्हणाला. "सांगा ना, आता यांनाही सांगा."

"काय सांगायचंय त्यात," गिरिजाबाई म्हणाल्या. "सहा वर्षांमागं मी हितं राहायला आले तवा बेळगावहून विरजण घेऊन आले होते. अर्धं एसटीतच सांडलं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या आई आल्या न् म्हणाल्या, दूध मी बघते, विरजण घ्या माझं. मी माझं उरलेलं न् त्यांचं एकात घातलं. तेच चाललंय अजून."

"म्हणजे हे आईचं आहे?" मी विचारलं.

"अर्धं त्यांचं, अर्धं माझं. आता वेगळं कसं काढणार ओ?"

निनादने वाटी टेबलावर ठेवली, आप्पांच्या ताटात चमचाभर दही वाढलं आणि स्वतःच्या भातावर घेतलं. मग जेवता जेवता डाव्या हाताने फोनवर अर्ज उघडला.

"नाव, गिरिजा कित्तूर. पासपोर्ट आहे?"

"हाय की. मुलगा मस्कतला न्हाई का."

"नातं." तो अडला. "यात पर्याय दिलेत. आई-वडील, अपत्य, भावंड, जोडीदार, इतर."

"इतर कर," आप्पा पटकन म्हणाले.

"इतर?" गिरिजाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "दोन वर्षं माझ्या हातची भाकरी खाऊन इतर?"

आप्पांचे कान लाल झाले. त्यांनी निनादकडे पाहिलं. निनादने मान खाली घातली होती, बोट पडद्यावर तयार होतं.

"नीट सांगा, आप्पा. खोटं लिहिलं तर पाच वर्षं बंदी आहे."

"जोडीदार," आप्पा म्हणाले. हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं.

गिरिजाबाईंनी पातेल्यातला भात घेतला आणि आप्पांना वाढला.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं केंद्रात गेलो. नाझनीनने चौघांचे कापूस फिरवले, दह्याचा नमुनाही नव्याने घेतला. तिला सगळी हकिकत ऐकायची होती आणि गिरिजाबाईंनी ती तिखटमीठ लावून सांगितली. ऐकून ती म्हणाली, "हे कळू शकतं बरं का. पाव करणाऱ्यांच्या हातावरचे जंतू त्यांच्या खमिरात सापडतात, तसंच दह्याचं. गेलेल्या आजींच्या एखाद्या जुन्या वस्तूवर खूण राहिली असेल, न धुतलेली शाल वगैरे, तर ताडून बघता येईल. त्यांचं खरंच उतरलंय का या दह्यात, ते मशीन सांगेल."

सासूबाईंची शाल कपाटात होती, न धुतलेली. निनादने ती तशीच ठेवली होती हे मला ठाऊक होतं. ज्या माणसाने आयुष्यात भाजीवाल्याचा हिशोबही दोनदा पडताळल्याशिवाय सोडला नाही, तो आता काय म्हणतो म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. गिरिजाबाईही पदराचं टोक चाळवत होत्या. खरं सांगू, ती गोष्ट त्यांनी त्या रविवारी दारात उभ्या उभ्या रचली असेल, अशी शंका मला तोवर होती. आजही थोडी आहे.

"नको," निनाद म्हणाला. "ती अट यादीत नाही."

चार दिवसांनी कागद आला. नोंदवलेली माणसं चार. आढळलेली माणसं चार. गोळ्या मिळाल्या, गुळण्यांचं औषध मिळालं. शेवटच्या तपासणीच्या दिवशी नवीनच प्रश्न उभा राहिला, विरजणाचं काय करायचं. पंधरा दिवस कोण सांभाळणार?

"माझ्याकडे द्या," नाझनीन म्हणाली. "आमच्याकडे रोज दही लागतं."

"बघ हां," आप्पा म्हणाले, "परत आलो की आमच्या घरात पाचवं माणूस निघेल."

"मग मलाही न्यावं लागेल बेटावर," ती म्हणाली आणि डबा झाकून घेतला.

निघायचा दिवस उजाडला. खाली रिक्षा उभी होती. निनादने यादी हातात घेऊन एकेकावर खूण केली. पासपोर्ट चार. तिकिटं जातानाची, येतानाची. जैवपत्र. राहण्याचा कागद. गॅस बंद. मी कुलूप हातात घेऊन बाहेर उभी होते. आप्पांनी गुळगुळीत दाढी केली होती आणि गिरिजाबाईंची बॅग स्वतःच्या हातात घेतली होती.

निनाद मात्र उंबऱ्याच्या आतच थांबला होता. यादी संपली होती तरी तो कागदाकडे बघत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण तो कशासाठी थांबलाय ते मला लगेच कळलं. अट अकरावी. घरात दह्याचा थेंब नव्हता, आणि घालणारीही नव्हती.

गिरिजाबाईंनाही ते कळलं असावं. त्या मागे फिरल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि एक धुतलेला, कोरडा चमचा घेऊन आल्या.

"दही बंद हाय. चमचा न्हाई की बंद," त्या म्हणाल्या. "हात करा पुढं."

निनादने उजवा तळहात पसरला. त्यांनी रिकामा चमचा त्यावर नेमका मध्ये टेकवला, जरा दाबला आणि उचलला. त्याने हात तोंडाशी नेला, लहानपणापासून नेत आला होता तसाच.

"साखर बरोबर पडलीय का रे?" आप्पांनी विचारलं.

निनादने यादीची घडी घालून खिशात ठेवली. "बरोबर आहे," तो म्हणाला. मग त्याने गिरिजाबाईंच्या हातातून चमचा घेतला.

"आता तुमचा हात करा पुढे," तो म्हणाला. "तुम्हीही घरातूनच निघताय."